मराठवाड्याच्या उन्हाळ्यातला पत्र्याचा कूलर : घामाच्या कसोटीवर

मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाने पत्र्याचा मोठा कूलर घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘जरूर घ्यावा, मात्र तो खिडकीबाहेर बसवता येत असेल तरच’ असे आहे. आणि जूनचा पाऊस पडला की त्याचा पंप बंद करावा, अशी पुस्तीही त्याला जोडावी लागते. कूलरची चौकशी करताना बहुतेक जण पंखा किती इंची, टाकी किती लिटरची आणि मोटारीतली तार तांब्याची की ॲल्युमिनियमची, एवढ्यावर थांबतात. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु कूलर खोलीसाठी विकला जात असला तरी गार व्हायचे असते ते आपले शरीर, आणि शरीराकडे गार होण्याची स्वतःची व्यवस्था आधीपासून असते. कूलर त्या व्यवस्थेला हातभार लावतो की तिच्या आड येतो, हे पाहिल्याखेरीज त्याची परीक्षा पुरी होत नाही. त्यामुळे या परीक्षणात कूलरइतकाच घामाचाही विचार आला आहे.

हा कूलर जालन्यातल्या एका पत्राकाम करणाऱ्या कारागिराकडून बनवून घेतलेला आहे. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही, वीजबचतीचे तारे नाहीत आणि वॉरंटी म्हणजे मिस्त्रींचा फोन नंबर. जस्ताचा मुलामा दिलेल्या (जीआय) पत्र्याची पेटी, अठरा इंची एक्झॉस्ट पंखा, सुमारे ऐंशी लिटरची टाकी, तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या आणि खाली लोखंडी स्टँड, असे सगळे मिळून साडेनऊ हजार रुपये पडले. दुकानात पेटी तयार होत असताना थांबून पाहण्यासारखे असते. जाळीच्या माथ्यावर बसणारी पत्र्याची पन्हळ मिस्त्री गुडघ्यात धरतात आणि खिळा व हातोडी घेऊन तिच्या तळाला बोटभर अंतरावर भोके पाडत जातात. मग ती नळाखाली धरून प्रत्येक भोकातून धार पडते की नाही हे डोळ्यांजवळ नेऊन तपासतात. हे एक काम नीट झाले नाही तर गवताचा काही भाग कोरडा राहतो, आणि कोरड्या गवतातून आलेली हवा गरमच्या गरम खोलीत येते. या बाबतीत कारागिराला पूर्ण गुण द्यायला हवेत. निघताना त्यांनी दिलेला सल्ला तर माहितीपत्रकात छापण्याच्या योग्यतेचा होता : “सर, खिडकीतच बसवा बरं का. खोलीत ठिवून दार लावलं की दोन तासांत नुसती चिकचिक व्हती बघा.” त्यामागचे कारण त्यांना विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “हवेला जायला वाट नको का, सर?” सगळे शास्त्र त्या वाटेतच आहे.

निरोगी माणसाच्या शरीराच्या गाभ्याचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि त्वचेचे साधारण ३३ ते ३५ अंश. नुसते बसून राहिलेल्या माणसाच्या शरीरातही सुमारे १०० वॅट उष्णता सतत तयार होत असते, आणि अंगमेहनतीचे काम करताना ती कित्येक पटींनी वाढते, कारण स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा चौथा हिस्साही प्रत्यक्ष कामात उतरत नाही, उरलेली उष्णताच होते. ही उष्णता बाहेर टाकण्याचे चार मार्ग आहेत : गार वस्तूला टेकणे, अंगावरून वाहणाऱ्या हवेला ती देणे, भोवतालच्या भिंतींकडे प्रारणाने, म्हणजे न टेकता किरणांच्या रूपाने, ती सोडणे आणि त्वचेवरचे पाणी वाफ होऊ देणे. जानेवारीत पहिले तीन पुरेसे होतात. मे महिन्यात परभणीचा किंवा नांदेडचा पारा ४२-४३ वर गेला की हवा, भिंत, खाटेची लोखंडी पट्टी, सारेच त्वचेपेक्षा गरम असते, आणि हे तिन्ही मार्ग उलटे वाहू लागतात. म्हणजे भोवतालची उष्णताच अंगात शिरू लागते. त्या वेळी शरीराच्या हाती एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे घाम.

घामाचे नियंत्रण मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे असते. रक्ताचे तापमान आणि त्वचेकडून आलेल्या खबरा यांचा तो मेळ घालतो, आणि गाभा थोडा जरी तापला तरी दोन हुकूम सोडतो. पहिल्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. एरवी त्वचेकडे मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त जात असेल तर कडक उष्म्यात ते सहा-सात लिटरपर्यंत जाऊ शकते. उन्हातून आल्यावर चेहरा लाल दिसतो तो यामुळे, आणि उन्हाळ्यात हृदयरोग्यांना अधिक जपावे लागते तेही यामुळेच. दुसरा हुकूम स्वेदग्रंथींना जातो. माणसाच्या अंगावर अशा २० ते ४० लाख ग्रंथी असतात. प्रत्येक ग्रंथी म्हणजे त्वचेच्या आतल्या थरात वेटोळे करून बसलेली एक बारीक नळी असते. वेटोळ्यात रक्तद्रवापासून खारट द्रव तयार होतो आणि सरळ नळीतून वर येताना त्यातले बरेचसे मीठ नळीच्या भिंती परत शोषून घेतात. तळहात आणि तळपाय यांवर या ग्रंथी सर्वांत दाट असतात, पण तिथला घाम उष्म्यापेक्षा भीतीला आणि ताणाला अधिक उत्तर देतो, हे परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. काखेत या ग्रंथींबरोबर आणखी एका जातीच्या, दाट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. घामाचा वास येतो तो त्या स्रावावर पोसणाऱ्या जिवाणूंमुळे, आणि शरीर गार करण्यात त्या ग्रंथींचा वाटा नगण्य असतो.

एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाफ झाला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. पाझरणाऱ्या माठातले पाणी गार होते तेही याच हिशेबाने. परंतु इथे ‘वाफ झाला तर’ ही अट फार महत्त्वाची आहे. कपाळावरून निथळून जमिनीवर पडलेला थेंब मीठपाणी वाया घालवतो आणि शरीराला जवळजवळ काहीच गारवा देत नाही. घाम येणे आणि घाम वाळणे या दोन वेगळ्या गोष्टी असून शरीर फक्त पहिलीच स्वतःच्या बळावर करू शकते; दुसरी हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. कोरड्या हवेत माणूस केवढा उष्मा सोसू शकतो हे १७७४ साली लंडनमध्ये मोठ्या हौसेने तपासले गेले. जॉर्ज फोर्डाइस या वैद्याने तापवलेल्या खोल्यांत चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांचे सोबती शिरले, आणि पुढे त्यांनी पाण्याच्या उकळबिंदूच्याही वर, सुमारे १२७ अंशांपर्यंत, तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे काढली. त्याच खोलीत ठेवलेली अंडी वीस मिनिटांत कडक भाजून निघाली, आणि माणसे मात्र धडधाकट बाहेर आली.

आता कूलरकडे वळू. आत शिरणारी गरम कोरडी हवा ओल्या गवतातून जाताना पाण्याची वाफ करते, त्यासाठी लागणारी उष्णता स्वतःजवळची देते आणि गार होऊन, पण दमट होऊन, खोलीत येते. म्हणजे घाम त्वचेवर जे करतो तेच कूलर त्वचेबाहेर, खिडकीत करतो. त्याची मर्यादाही घामासारखीच असते. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला की तो जिथवर उतरतो, त्याच्या खाली कूलरची हवा जाऊ शकत नाही. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ही मर्यादा २४ अंशांच्या आसपास येते. आमच्याकडे अशाच दुपारी कूलरच्या तोंडाशी धरलेला थर्मामीटर २८ ते २९ दाखवतो, आणि गवत नवे असताना त्याहून थोडा कमी. साडेनऊ हजारांच्या पेटीकडून यापेक्षा जास्त मागणे योग्य होणार नाही. २८ अंशांची वाहती हवा त्वचेपेक्षा गार असल्यामुळे उलटे वाहणारे मार्ग पुन्हा सुलटे होतात, स्वेदग्रंथींना विश्रांती मिळते, आणि घामावाटे जाणारे पाणी व मीठ वाचते. कोरड्या मे महिन्यात कूलर शरीराचे ओझे खरोखर हलके करतो, आणि त्यासाठी त्याला वीज लागते ती पंखा व पंप मिळून दीड-दोनशे वॅट. भारनियमनाच्या वेळी तो इन्व्हर्टरवरही चालतो, जे एसीच्या बाबतीत सामान्य घरात शक्य नाही.

खिडकीचा मुद्दा आता उलगडेल. हा कूलर दर तासाला काही हजार घनमीटर हवा आत ढकलतो आणि त्या हवेबरोबर भरपूर वाफ आणतो. समोरचे दार किंवा खिडकी उघडी असेल तर ती ओली हवा बाहेर निघून जाते. दार लावले किंवा कूलर खोलीतच ठेवला तर तीच हवा पुन्हा पुन्हा गवतातून फिरते, आर्द्रता चढत जाते, गवतावरचे पाणी वाफ होईनासे होते आणि त्वचेवरचा घामही. एकाच खोलीत दोन ठिकाणी बाष्पीभवनाचे काम चाललेले असते आणि कूलर आपल्या घामाच्या वाट्याची कोरडी हवा वापरून टाकतो. गारवा बाहेर जाईल या समजुतीने दारे-खिडक्या घट्ट लावून कूलरपुढे बसलेली घरे मराठवाड्यात हवी तेवढी सापडतील. ती सवय एसीची आहे आणि कूलरला ती अजिबात चालत नाही.

जूनमध्ये तर उघड्या खिडकीचाही उपयोग उरत नाही. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर हवा ३२ अंशांवर उतरते, पण आर्द्रता ७५ टक्क्यांवर जाते, आणि तेव्हा ओल्या फडक्याची मर्यादाच २८ अंशांच्या पुढे असते. कूलर जेमतेम तीन अंश उतरवून देतो आणि बदल्यात खोली ओली करतो. त्वचा सतत भिजलेली राहिली की स्वेदग्रंथींची तोंडे फुगून आकसतात, घाम येण्याचे प्रमाण घटते, नळ्या तुंबल्या की घाम त्वचेतच अडकतो आणि घामोळे उठते. लहान मुलांच्या मानेवर आणि पाठीवर ते मे महिन्यापेक्षा जूनमध्ये जास्त दिसते. अशा दिवसांत पंप बंद ठेवून फक्त पंखा चालवावा. वाऱ्यामुळे त्वचेलगतचा दमट थर हलतो आणि घामाला वाळायला थोडीफार संधी मिळते. ज्यांच्याकडे जून ते सप्टेंबर हाच त्रासाचा काळ असतो, त्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या नातलगांनी आमचा कूलर पाहून मोहात पडू नये.

या उत्पादनातला सर्वांत मोठा उणेपणा दुसराच आहे, आणि तो सगळाच्या सगळा कारागिराच्या माथी मारता येत नाही. बोअरच्या जड पाण्यावर कूलर चालवला की काही आठवड्यांत गवतावर पांढरा, खरखरीत थर चढतो. बोटाने दाबल्यास तो कुरकुरतो आणि काडी मोडते. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. कूलर उतरवून घेणाऱ्या हमालाच्या निळ्या सदऱ्यावर पाठीच्या बाजूला नेमकी तशीच पांढरी कडा उमटलेली होती. तरीही स्वेदग्रंथी या बाबतीत कूलरपेक्षा फार पुढे आहे, कारण ती मीठ वाटेतच परत घेते. उन्हात रोज काम करणाऱ्या माणसाच्या ग्रंथी एक-दोन आठवड्यांत आणखी तयार होतात : घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातले मिठाचे प्रमाण कमी होते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर नव्याने गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात जपावे लागते ते ही तयारी झालेली नसते म्हणून. दिवसभर गारव्यात बसणाऱ्यांची ही तयारी काही आठवड्यांत मोडते, आणि मग लग्नाच्या मांडवात तासभर उभे राहणेही नको होते. कूलरला मात्र शिकता येत नाही. त्याच्या टाकीतले खारावलेले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकावे लागते. असे केल्याने गवत जास्त टिकते आणि टाकीत डेंग्यूच्या डासांची पैदासही होत नाही. मिस्त्रींनी टाकीच्या तळाला निचऱ्याची तोटी दिली असती तर हे काम पाच मिनिटांचे झाले असते. तिच्याऐवजी रबरी बूच आहे, आणि ते काढायला पलंगाखाली शिरल्यासारखे स्टँडखाली शिरावे लागते.

पाण्याच्या खर्चाबद्दल सांगताना संकोच वाटतो. भर दुपारी हा कूलर तासाला पंधरा-वीस लिटर पाणी उडवतो, आणि संध्याकाळ होण्याआधी टाकी पुन्हा भरावी लागते. ज्या भागात एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा खर्च डोळ्यांत खुपणारच. शरीराचा हिशेब पाहिला तर तो आणखी खुपतो. सावलीत बसलेल्या माणसाची सगळी १०० वॅट उष्णता घामावाटे काढायची म्हटली तर तासाला दीडशे मिलिलिटर पाणी पुरते. बाहेरून शिरणाऱ्या उष्णतेसाठी त्यात आणखी भर घातली तरी आकडा अर्ध्या लिटरच्या आसपास राहतो. उरलेले सगळे पाणी आपण खोलीतली हवा, कपाट आणि भिंती गार करण्यासाठी वापरतो. म्हणून टँकर सुरू झाल्यावर आमच्या घरी कूलर फक्त दुपारी बारा ते पाच चालतो. रात्री ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली झोपणे जुन्या लोकांना ठाऊक होते आणि ते शास्त्राला धरून आहे : पाणी नेमके त्वचेवर, जिथे हवे तिथे, वाफ होते. म्हशीही डोहात बसून दुसरे काय करतात? गाईच्या तुलनेत म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी खूपच कमी असतात, तेव्हा ओलावा तिला बाहेरून घ्यावा लागतो.

घरात वृद्ध माणूस असेल तर मात्र पाण्याचा हिशेब बाजूला ठेवून कूलर लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वयाबरोबर स्वेदग्रंथींचा जोर ओसरतो, त्वचेकडचा रक्तप्रवाह पूर्वीसारखा वाढत नाही आणि तहानेची जाणीवही मंदावते. ऐंशीच्या पुढच्या माझ्या आईचे अंग ऐन दुपारीही कोरडे लागते, आणि ‘मला काही उकडत नाही’ असे ती खरेच सांगत असते. अशा माणसावर ४४-४५ अंशांच्या कोरड्या हवेचा नुसता पंखा सोडणे धोक्याचे असते. वाळायला पुरेसा घामच नसल्यामुळे पंखा फक्त उष्णता अंगात ढकलतो. स्वेदग्रंथींना हुकूम पोहोचवणारे मज्जातंतू ॲसिटिलकोलीन या द्रव्याच्या आधारे काम करतात, आणि लघवीची घाई, ॲलर्जी, कंपवात किंवा मानसिक आजार यांवरची काही औषधे नेमके त्याच द्रव्याला अडवतात. अशी औषधे चालू असलेल्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे. आणि कोणी उन्हातून येऊन बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका बसावा इतके तापले, तर घाम येतो आहे की नाही हे पाहत बसू नये. उष्माघातात त्वचा कोरडीही असते आणि ओलीही. अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. कूलरसमोर बसवून वाट पाहण्याची ती वेळ नसते.

गंभीर तक्रार एकच आहे. कूलर हाती आला तेव्हा त्याच्या वायरीला दोन पिनांचा प्लग होता आणि पत्र्याच्या पेटीला अर्थिंग जोडलेले नव्हते. कोरडी त्वचा विजेला बराच विरोध करते. घामाने आणि मिठाने भिजलेल्या त्वचेचा विरोध कितीतरी कमी होतो. ओल्या हाताने, अनवाणी, ओल्या फरशीवर उभे राहून पत्र्याच्या टाकीत पाणी भरणे हे उन्हाळ्यातले रोजचेच काम आहे, आणि कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. फोन केल्यावर मिस्त्रींनी माणूस पाठवून तीन पिनांचा प्लग लावून दिला, पण “मागितला की देतो” हे त्यांचे उत्तर स्वीकारण्याजोगे नाही. ही गोष्ट गिऱ्हाइकाने मागायची नसते. कूलर कोठूनही घ्या, पैसे देण्यापूर्वी प्लगच्या पिना मोजा, घरातल्या बोर्डाला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्या, आणि टाकीत हात घालण्याआधी प्लग उपसून ठेवा.

गवत की मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड, याबद्दल विचारणा होते. पॅड महाग असतात आणि जास्त टिकतात, परंतु जड पाण्याने त्यांची छिद्रे बुजली की स्वच्छ करणे कठीण जाते; गवत स्वस्त असून दर हंगामाला बदलता येते. बोअरचे पाणी असेल तर गवतच घ्यावे. त्यात थोडा वाळा मिसळून घेतल्यास वास छान येतो, गारवा त्याने वाढत नाही. आवाज मोठा आहे, दूरदर्शनच्या बातम्या ऐकायच्या तर पंख्याची गती कमी करावी लागते. समोरासमोर खिडक्या नसलेल्या एका खोलीच्या घरासाठी मी हा कूलर सुचवणार नाही. तिथे छताला चुना, चांगला पंखा आणि ओला पंचा यांवर तोच पैसा जास्त उपयोगी पडेल. दोन बाजूंनी वारा खेळणाऱ्या घरासाठी, तीन पिनांचा प्लग आणि निचऱ्याची तोटी या दोन अटी आधी घालून, पाचापैकी चार गुण.